खानदेशातल्या अंगणात अक्रोड: पहिल्यांदाच लावणाऱ्यांसाठी

अक्रोडाची पाच रोपं परसदारी ओळीने मांडली, तेव्हा शेजारचे नाना कुंपणावरून वाकून म्हणाले, "अठे मे महिनामा निंबले बी घाम फुटस, अन् तू अक्रोड लावस?" नानांचं खोटं नव्हतं. जून उजाडेपर्यंत त्यातली चार रोपं गेली. पाचवं रांजणामागे सरकवलेलं होतं, ते वाचलं. ते का वाचलं हे कळायला मला आणखी एक उन्हाळा लागला. त्यानंतर जे जमलं आणि जे फसलं, ते इथे क्रमाने सांगतो.

सुरुवातीलाच एक स्पष्ट करतो. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सपाटीवर अक्रोडाचं झाड जगवता येतं, वाढवताही येतं. पण घरच्या अक्रोडांनी डिंकाचे लाडू करू अशी आशा धरून खड्डा खणणार असाल, तर तो खड्डा आंब्याला द्या. अक्रोड लावायचा तो झाडाच्या हौसेने.

थंडीचा हिशोब

अक्रोड मूळचा मध्य आशियाच्या डोंगराळ भागातला. भारतात तो मुख्यतः काश्मीरचा. देशातल्या एकूण अक्रोडापैकी ९० टक्क्यांहून जास्त तिथूनच येतो. त्याखालोखाल उत्तराखंड, हिमाचल, अरुणाचल. या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट सारखी: हिवाळ्यात झाड पानं गाळून खरोखर झोपतं. त्या झोपेचं मोजमाप तासांत करतात. पारा साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली किती तास राहिला, ते तास मोजायचे. अक्रोडाच्या बहुतेक जातींना असे ७०० ते १,५०० तास लागतात.

आता आपलं बघू. थंडीची लाट आली की जळगाव-धुळ्याकडे पारा ६-७ अंशांवर उतरतो, पेपरात शेकोटीचे फोटो येतात. पण तो उतरतो पहाटे चार-पाच तास. नऊ वाजता ऊन तापतं आणि दुपारी आपण स्वेटर खांद्यावर टाकून फिरतो. अशा दहा-पंधरा रात्री धरल्या, प्रत्येकी चार तास धरले, तरी बेरीज साठाच्या पुढे जात नाही. त्यात दुपारचं ऊन रात्री कमावलेली थंडी थोडीफार खाऊनही टाकतं.

झोप अपुरी झाली की झाड मरत नाही, पण गोंधळतं. फांदीवरचे काही डोळे, म्हणजे कोंबाच्या कळ्या, वेळेवर फुटतात, काही महिनाभर उशिरा, काही फुटतच नाहीत. फांदीच्या टोकाला पानांचा झुपका आणि खाली हातभर उघडी काडी, असं रूप दिसतं. फुलं आली तरी तुरळक येतात. शिवाय अक्रोडाच्या एकाच झाडावर नराचे लोंबते तुरे आणि मादीची बारीक फुलं वेगवेगळ्या वेळी उमलतात, परागकण वाऱ्याने जातात. म्हणून गारठ्याच्या मुलखातसुद्धा चांगल्या फळधारणेसाठी जवळ दुसऱ्या जातीचं झाड ठेवतात.

दुसरी अडचण मे महिन्याची. पारा ३८ अंशांच्या वर गेला की फळाची साल उन्हाने भाजते आणि आतला गर सुरकुततो. आपल्याकडे मार्चअखेरीलाच ३८ होतं आणि भुसावळला मे महिन्यात ४५ झालं तर कोणी बातमीसुद्धा मोठ्याने वाचत नाही.

नर्सरीतला 'अक्रोड' ओळखा

माझं पहिलं झाड अक्रोड नव्हतंच. एका नर्सरीतून 'अक्रोडाचं रोप, गॅरंटी' म्हणून आणलं, दीड वर्ष कौतुकाने वाढवलं. ते इतकं तरारून वाढलं की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पानं हाताच्या पंजाएवढी, कोवळेपणी वरून पीठ भुरभुरल्यासारखी पांढुरकी, आणि प्रत्येक पान एकसंध, कडेला टोकं निघालेली. तो जंगली अक्रोड निघाला. मूळचा आग्नेय आशियाकडचा, आपल्या हवेत बिनतक्रार वाढणारा. त्याच्या बीत इतकं तेल असतं की पूर्वी बेटांवरचे लोक त्या बिया दिव्यासारख्या जाळत. पण त्या कच्च्या खाल्ल्या की उलट्या-जुलाब होतात. घरात लहान पोरं असतील तर हे आधीच ठाऊक असलेलं बरं.

खरा अक्रोड ओळखायच्या तीन खुणा आहेत. एक, त्याचं पान संयुक्त असतं: एका देठावर पाच, सात किंवा नऊ पानं, आणि टोकाचं पान सगळ्यांत मोठं. दोन, पान चुरगाळलं की उग्र, थोडा लिंबाच्या सालीकडे झुकणारा वास येतो, आणि तो बोटांवरून लवकर जात नाही. तीन, ही मला सगळ्यांत आवडते: पेन्सिलीएवढ्या जाडीची काडी ब्लेडने उभी चिरा. आतला गाभा भरीव नसतो, आडव्या पातळ पडद्यांचे कप्पे दिसतात, अगदी छोट्या शिडीच्या पायऱ्यांसारखे. जंगली अक्रोडात ही शिडी नाही. नर्सरीवाला काडी चिरू देणार नाही हे खरं, पण पान चुरगाळायला कोणी अडवत नाही.

बी की कलम

कलम लवकर फळतं, चार-पाच वर्षांत. बियांपासूनच्या झाडाला थंड प्रदेशातही आठ-दहा वर्षं लागतात. चँडलर ही कॅलिफोर्नियातली जात हल्ली हिमाचल-काश्मीरकडे कलमं करून विकतात. त्या मानाने तिला थंडी कमी लागते म्हणतात, पण 'कमी' म्हणजे ७०० तासांच्या आसपास. आपल्या साठ तासांना त्याचं काय!

कलमं डिसेंबर ते फेब्रुवारीत, झाड झोपेत असताना, मुळांभोवती ओलं गोणपाट गुंडाळून येतात. मागवायचंच असेल तर त्या राज्यांतल्या सरकारी किंवा नोंदणीकृत रोपवाटिकेकडूनच मागवा. आल्या आल्या मुळं चार-सहा तास पाण्यात ठेवा आणि थेट जमिनीत न लावता खोल टबात लावा. जानेवारीत जमिनीत लावलेल्या कलमाला मूळ धरायला जेमतेम दोन महिने मिळतात, मग लगेच उन्हाळा. टबातलं कलम निदान उचलून सावलीत नेता येतं.

माझा सल्ला, पहिल्यांदा बीच लावा. पैसे जवळजवळ जात नाहीत, चुका परवडतात, आणि मूळ पहिल्यापासून आपल्या मातीत वाढतं.

बी निवडणं आणि फ्रिजमधला हिवाळा

काश्मिरात अक्रोड सप्टेंबरच्या सुमारास उतरवतात. म्हणजे नवा माल आपल्या किराणा-सुक्यामेव्याच्या दुकानांत दिवाळीच्या आगेमागे येतो. तेव्हाच, कवचासकट, डझनभर घ्या. गेल्या वर्षीचा माल नको. अक्रोडाच्या बीची उगवण वर्षभरात पार उतरते. फार गोरे, चकचकीत अक्रोडही टाळा, ते धुऊन उजळवलेले आणि यंत्रात वाळवलेले असण्याची शक्यता जास्त. मळकट, काळपट डागांचा गावठी माल बियाण्याला बरा. डझनातले दोन फोडून पाहा. गर फिकट आणि भरलेला असला, तेलकट खवट वास नसला, तर उरलेले दहा कामाचे.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे कधी पेरायचं. पुस्तकी रीत थंड प्रदेशाची: थंडीत बी ओलं ठेवा, फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरा, वसंतात उगवेल. मी पहिल्यांदा तेच केलं. मार्चमध्ये कोंब आले, एप्रिलमध्ये चार-चार पानं झाली आणि मे महिन्यात त्या कोवळ्या पानांचा पापड झाला. काश्मीरचा बागवान वसंतातल्या अवेळी हिमाला भितो, कारण त्याने मोहोर जळतो. आपली भीती मे महिन्याची. मग पंचांगही आपलंच धरायला हवं.

म्हणून असं करा. दिवाळीला घेतलेले अक्रोड कोरडेच, कापडी पिशवीत, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवून द्या. मार्चच्या मध्यावर काढा आणि दोन दिवस पाण्यात भिजवा, पाणी रोज बदला. पहिल्या दिवशी बहुतेक सगळे तरंगतील. घाबरून फेकू नका, कवचाच्या आत हवा असते. दोन दिवसांनंतरही बुचासारखे वर उड्या मारणारे तेवढे बाजूला काढा.

मग प्लॅस्टिकचा डबा घ्या, झाकणाला चार भोकं पाडा. आत ओलसर वाळू किंवा कोकोपीट. किती ओलसर? मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी निथळू नये. त्यात अक्रोड एकमेकांना न टेकता पुरा आणि डबा परत भाजीच्या कप्प्यात, ४-५ अंशांवर ठेवा. हाच त्यांचा हिवाळा. साधारण तीन महिने, म्हणजे जूनच्या मध्यापर्यंत. डब्यावर मोठ्या अक्षरांत 'बियाणं' लिहा. आमच्याकडे एकदा पाहुण्यांसाठी शिऱ्यात घालायला अक्रोड शोधताना हा डबा उघडला गेला होता.

दर रविवारी डबा उघडून बघा. बुरशी दिसली तर ते अक्रोड धुऊन, वाळू बदलून पुन्हा ठेवा. लिबलिबीत झालेला टाकून द्या. एखाद्याची शिवण उकलून पांढरं मूळ डोकावलं, तर मे महिना असला तरी त्याला थांबवता येत नाही. तो लगेच पेरून घरातल्या गार कोपऱ्यात ठेवा.

मृगाची पेरणी

मृग लागला, दोन चांगल्या सरी पडल्या, दुपारची धग मोडली की पेरा. जूनमध्ये पेरलेल्या रोपाला आधी पावसाळा मिळतो, मग हिवाळा, आणि पहिला उन्हाळा बघेपर्यंत त्याचं वय नऊ-दहा महिने झालेलं असतं. फेब्रुवारीच्या रोपाला तोच उन्हाळा दोन महिन्यांचं असताना गाठतो.

नर्सरीची छोटी काळी पिशवी वापरू नका. अक्रोडाचं सोटमूळ हट्टी असतं. वर चार पानं दिसतात तेव्हा खाली ते वीतभर उतरलेलं असतं, आणि पिशवीच्या तळाशी गुंडाळलं गेलं की झाड जन्मभर अडून राहतं. मी बोअरच्या केसिंगचे उरलेले सहा इंची पाइप वापरले. दीड फुटाचे तुकडे केले, प्रत्येकाला करवतीने उभी चीर दिली आणि तारेने आवळलं, बुडाला डासांची जाळी बांधली. लावायच्या वेळी तार सोडली की पाइप उघडतो आणि मातीचा खांब अख्खा बाहेर येतो. पाइप नसेल तर रंगाची २० लिटरची बादली घ्या, बुडाला सात-आठ भोकं पाडा.

माती: दोन घमेली नदीकाठचा पोयटा, एक घमेलं चाळलेली वाळू, एक घमेलं पुरतं कुजलेलं शेणखत. निव्वळ काळी माती भरू नका. पावसात ती चिखल होते आणि उन्हात वीट.

अक्रोड उभा रोवायचा नाही, आडवा झोपवायचा. शिवणीची कडा वरच्या बाजूला यायला हवी, म्हणजे दोन अर्ध्या कवच्या डाव्या-उजव्या हाताला राहतील. अशाने मूळ आणि कोंब दोघांनाही वळसे घ्यावे लागत नाहीत. वर दोन-अडीच इंच माती. त्यावर वीट ठेवून बारीक जाळी दाबा, नाहीतर घुशी आणि खारी रातोरात उकरून नेतात. अक्रोडाची डाळ, म्हणजे बीजदलं, जमिनीखालीच, कवचात राहते. वर येतो तो थेट हिरवट-तांबूस कोंब. तो तीन ते सहा आठवड्यांत दिसतो. दिसला की जाळी काढा. दहापैकी चार-पाच उगवले तर खूश राहा.

पावसाळ्यात त्याच्याकडे फार बघू नका. फक्त पाणी साचू देऊ नका. अक्रोडाचं मूळ तहान थोडीफार सोसतं, पण चिखलात गुदमरलं की आठवड्यात कुजतं.

पहिला उन्हाळा

या टप्प्यावर सगळा खेळ आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

पहिल्या वर्षी वाचलेलं रोप रांजणामागे होतं असं वर म्हटलं. त्या रांजणाच्या पाझराने तिथली जमीन दिवसभर ओली आणि गार राहायची, पश्चिमेचं ऊन रांजण अडवायचा, आणि सकाळचं नऊ-साडेनऊपर्यंतचं ऊन मात्र मिळायचं. बाकीची चार उघड्यावर होती, पाणी त्यांनाही रोज दोन वेळा मिळत होतं. म्हणजे पाणी कमी पडलं नाही, बहुतेकांचं मूळ शिजलं. मे महिन्यात दुपारी उघड्यावरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत बोट खुपसून बघा, लगेच बाहेर काढाल.

तेव्हा होळी झाली की रोपाची जागा बदला. घराच्या पूर्वेला, किंवा निंबाच्या पूर्वेच्या अंगाला. पाइप किंवा बादली जमिनीत अर्धी पुरा, म्हणजे मुळाभोवती गारवा राहतो. जमीन नसेल तर मोठ्या टबात ठेवून भोवतीच्या फटीत वाळू भरा आणि ती वाळू ओली ठेवा. भांड्याला बाहेरून चुना फासा. पांढरं भांडं कमी तापतं. पत्र्याचा डबा अजिबात नको.

वर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट, एप्रिलच्या मध्यापासून दुहेरी. पश्चिमेला आणि दक्षिणेला पळाट्यांची (कपाशीच्या वाळक्या काड्यांची) किंवा तुराट्यांची तट्टी उभी करा. आपल्याकडे केळीच्या बागेला गरम वाऱ्यापासून वाचवायला कडेने शेवरी, गजराज गवत लावतात, त्यातलीच ही युक्ती. नुसत्या सावलीने काम भागत नाही, झळ अडली पाहिजे. तट्टीवर जुनं गोणपाट टाकून संध्याकाळी ते भिजवलं तर आणखी बरं.

पाणी पहाटे. दुपारी द्यायची वेळ आलीच तर नळी आधी दुसरीकडे सोडा. उन्हात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी चहाला चालेल इतकं तापलेलं असतं, आणि ते थेट मुळावर ओतून मीसुद्धा एक रोप जवळपास घालवलं होतं. रोज ठरलेला तांब्या ओतू नका. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तर भरपूर द्या, ओलं लागलं तर निघून या. वर केळीची वाळलेली पानं किंवा उसाचं पाचट चार बोटं जाडीचं अंथरा, खोडापासून मात्र थोडं लांब.

इतकं करूनही मे महिन्यात पानांच्या कडा करपतील, कदाचित सगळी पानं गळतील. घाई करू नका. माझ्या त्या चारांतलं एक रोप मी स्वतः मारलं. काडी सुकलेली दिसली म्हणून उपटलं, तर खाली मूळ पांढरंशुभ्र, रसरशीत. त्या दिवसापासून मी आधी नखाने साल खरवडतो. आत हिरवं दिसलं तर जीव आहे. बुडाशी दिसलं तरी आहे. पावसाच्या पहिल्या सरीनंतर तिथूनच फुटवा येतो.

जमिनीत लावणी

दुसऱ्या वर्षी जून-जुलैत लावा. जागा ठरवताना मोठ्या झाडाचा विचार करा. अक्रोड मोकळा वाढला तर २५-३० फुटांचा घेर मागतो. सकाळचं ऊन हवं, दुपारनंतर सावली. सिमेंटच्या पश्चिमाभिमुख भिंतीला चिकटून नको, रात्रीपर्यंत ती भिंत धग ओकते. वांगी-टोमॅटोच्या वाफ्यापासूनही लांब. अक्रोडाच्या मुळांतून आणि पानांतून जुग्लोन नावाचं द्रव्य उतरतं, ते टोमॅटो, वांगी, बटाटे यांना मानवत नाही. अमेरिकी काळ्या अक्रोडात ते जास्त, आपल्या खाण्याच्या अक्रोडात कमी, पण गळलेली पानं वांग्याच्या वाफ्यात पसरायची नाहीत एवढं पाळा.

तीन बाय तीन बाय तीन फुटांचा खड्डा मे महिन्यातच खणून तापू द्या. भरण्याआधी त्यात पाणी भरून बघा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल, तर तुमची जमीन तापीकाठची चिकण काळी आहे आणि तिथे खड्ड्यात लावणं म्हणजे झाडाला हौदात उभं करणं. अशा ठिकाणी दीड-दोन फूट उंच, पाच-सहा फूट रुंद मातीचा उंचवटा करा आणि त्यावर लावा. काळ्या मातीचा दुसरा त्रास उन्हाळ्यात: भेगा पडतात आणि बारीक मुळं तोडतात. भरताना मुरूम आणि वाळू मिसळली, वर आच्छादन ठेवलं, की हा त्रास निम्मा होतो. भरणात तीन-चार टोपल्या शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड घाला. पेंड उधईला, म्हणजे वाळवीला, थोडा आळा घालते.

पाइपाची तार सोडून मातीचा खांब न फोडता उतरवा. रोप होतं तेवढ्याच खोलीवर बसवा, खोड पुरू नका. खोडाला चुना-मोरचुदाची (मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट) पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी हे प्रमाण. एका झाडाला याच्या दहाव्या हिश्श्याचाही दहावा हिस्सा पुरेल, उरलेलं शेजारच्या लिंबू-मोसंबीला लावा. मोरचूद लोखंडी भांड्यात कालवू नका. खालच्या फांद्या छाटून झाड 'सुबक' करायचा मोह आवरा, कारण त्याच फांद्या खोडावर सावली धरतात.

पाणी, खत आणि पिवळी पानं

ठिबकचे ४ लिटरचे दोन ड्रिपर खोडापासून दीड फुटावर सोडा, झाड वाढेल तसे लांब सरकवा. शेणखत वर्षातून एकदा, जूनमध्ये. युरियाने झाड भराभर कोवळं फुटतं आणि ती कोवळीक उन्हाळ्यात जळते, म्हणून मी देत नाही.

आपलं बोअरचं पाणी जड. अक्रोडाला क्षार सोसत नाहीत. पानांची टोकं तपकिरी होऊन कड वळायला लागली की समजा. पावसाळ्यात छपराचं पाणी टाकीत धरता आलं तर ते या झाडासाठी राखून ठेवा. चुनखडीच्या जमिनीत झाडाला जस्त आणि लोह उचलता येत नाही: नवी पानं लहान, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसतो. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड झिंक आणि फेरस (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं जस्त आणि लोह) मिळतं, पुडक्यावरच्या प्रमाणात पानांवर फवारा, पहाटे किंवा संध्याकाळी.

किडींत उधई सर्वांत वाईट, मग पिठ्या ढेकूण. ढेकूण थोडे असतील तर ओल्या फडक्याने पुसा.

पुढे काय दिसेल

माझं सगळ्यांत जुनं झाड आता पाच वर्षांचं आहे, उंची माझ्या डोक्याएवढी. काश्मिरात एवढ्या वयाचं झाड याच्या दुप्पट असतं. पानं डिसेंबरात न गळता जानेवारीअखेरीला रडतखडत गळतात, फूट मार्चमध्ये येते, ती आधी शेंड्यालाच. एकही फूल अजून नाही. पण पावसाळ्यात त्याच्या पानांना जो वास सुटतो, त्यासाठी मी दात घासत तिथे जाऊन उभा राहतो. काश्मीर-पंजाबकडे अक्रोडाची साल दात घासायला वापरतात, तिला दंदासा म्हणतात. नाना मला त्यावरून 'दंदासावाला' म्हणायला लागलेत.

तुमची जमीन सपाटीवर नसून सातपुड्यात वर असेल, तर गोष्ट थोडी वेगळी. तोरणमाळ हजार मीटरच्या वर आहे, तिथे आणि अक्कलकुव्याच्या डाब भागात कडाक्याच्या थंडीत दव गोठतं. तिथेही ७०० तास भरतील असं मी म्हणणार नाही, पण मे महिना तिथे बराच सुसह्य. चँडलरचं कलम लावायचं तर अशा जागी लावावं. अक्रोडाचा चुलतभाऊ पिकॅन, त्याला थंडी अक्रोडापेक्षा कमी लागते आणि तो टेक्सासच्या उन्हाळ्यात वाढतो. पण त्यालाही खोल जमीन आणि भरपूर पाणी लागतं.

आणि सुक्यामेव्याचंच झाड हवं असेल, दुधात-शिऱ्यात घालायला घरचं काहीतरी हवं असेल, तर चारोळी लावा. हे झाड सातपुड्याचंच. एप्रिल-मेमध्ये पावरा-भिल्ल बाया त्याची जांभळट काळी फळं, म्हणजे चारं, गोळा करून बाजारात आणतात. तीच फळं ताजी विकत घ्या, गर खाऊन टाका, आठळ्या राखेने चोळून धुवा. कवच टणक असतं, हलक्या हाताने दगडाने तडकवा किंवा रात्रभर भिजवा, आणि आठवड्याच्या आत त्याच दीड फुटी पाइपांत अर्धा-पाऊण इंच खोल पेरा. सोटमूळ याचंही लांब, वाढ याचीही मंद, पण ४५ अंशांत त्याचं पान सुकत नाही. मी गेल्या वर्षी आठ पेरल्या, तीन उगवल्या. त्या अक्रोडाच्या पश्चिमेला लावणार आहे, मोठ्या झाल्या की तट्टी बांधायचं काम वाचेल.